नांदूर मध्यमेश्वरला पहिल्यांदा जाताय? पक्षी, गाव आणि फ्लूचा हिशेब

नोकरीसाठी सातपूर-अंबडला आलेल्या किंवा शिक्षणासाठी नाशिकमध्ये खोली घेतलेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच हिवाळ्यात दोन बातम्या पडतात. निफाडचा पारा घसरला आणि नांदूर मध्यमेश्वरला पक्षी आले. जानेवारी उजाडला की कधीकधी तिसरीही येते: अमुक ठिकाणी बर्ड फ्लू आढळला. मग ऑफिसच्या ग्रुपवर ठरलेली सहल डळमळते. कुणाची आई नको म्हणते, कुणी चिकन सोडतं.

माझं मत सांगून टाकतो. जावं. पक्षी लांबून बघणाऱ्याला त्यांच्याकडून फ्लू होण्याची शक्यता फारच कमी. त्यापेक्षा तुमच्या गाडीतल्या खोकणाऱ्या मित्राकडून गावातल्या एखाद्या आजीला साधा फ्लू होणं, किंवा तुमच्या बुटांच्या चिखलातून पाण्यावरचा विषाणू वस्तीवरच्या कोंबड्यांपर्यंत पोचणं, याचीच काळजी जास्त करायला हवी. खाली जे सांगतोय ते त्या बेताने.

आधी ठिकाण पक्कं करा

नकाशावर नुसतं ‘नांदूर’ टाकू नका. नाशिक शहरात नांदूर नाका आहे, सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे आहे, आणि आपल्याला हवं ते निफाड तालुक्यात. ‘नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, चापडगाव’ असं पूर्ण नाव टाका. वन विभागाचं गेट आणि निरीक्षण मनोरे चापडगावच्या अंगाला आहेत. मध्यमेश्वराचं जुनं देऊळ आणि बंधारा वेगळ्या बाजूला, ते परतताना बघा.

पुष्कळ लोक याला नॅशनल पार्क म्हणतात. कागदोपत्री हे अभयारण्य आहे, १९८६ सालापासूनचं. हा फरक तुमच्या कामाचा आहे. इथे जंगलाला कुंपण घालून माणसं बाहेर काढलेली नाहीत. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी अशी गावं पाण्याला लागून आहेत. बदकं उतरतात त्याच काठाने उसाचे आणि कांद्याचे मळे, गोठे आणि घरामागच्या कोंबड्या असतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला. डाव्या-उजव्या कालव्याने पाणी पुढे कोपरगाव-राहात्याकडे नेण्यासाठी. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, गवत-पाणवनस्पती माजल्या. इंजिनियरच्या दृष्टीने ती डोकेदुखी, बदकांच्या दृष्टीने ताट वाढून ठेवलेलं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतली, महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून याचं नाव जाहीर झालं. त्या नोंदीत ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे, आणि त्यात आपल्या देवळालीच्या नावाचा एक छोटा, अतिसंकटग्रस्त मासाही आहे. नाशिककरांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल कोण जाणे.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलं की नांदूर मध्यमेश्वरचा विसर्ग रोज बातम्यांत असतो, पण तेव्हा पक्षी बघायला जाण्यात अर्थ नाही.

पंधरा दिवस आधी: लस आणि घरचा विचार

भारतात फ्लूचे दोन भर असतात. एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला. म्हणजे पक्ष्यांचा मोसम आणि माणसांच्या फ्लूचा पहिला भर एकमेकांवर येतात. त्यात निफाडची कोरडी थंडी, काचा बंद केलेली गाडी आणि तीत दाटीवाटीने बसलेली सात माणसं. विषाणूला याहून सोयीचं काय हवं?

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो आणि जागतिक आरोग्य संघटना त्यानुसार लसीतले घटक वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळे, ठरवते. टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आदल्या दिवशी टोचून घेऊन दुसऱ्या दिवशी गाडीत बसण्याला अर्थ नाही. सहलीला साठीपुढचे आईबाबा, गरोदर बहीण, लहान मुलं, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं कुणी येणार असेल तर त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठीही डॉक्टरांना दिवाळीच्या सुमारासच विचारा.

ही लस माणसांमध्ये फिरणाऱ्या फ्लूची आहे. बर्ड फ्लूपासून ती वाचवत नाही. ‘लस घेतलीये, आता बदक हातात धरलं तरी चालेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला मनोऱ्यावर मागच्या रांगेत उभं करा.

स्वाइन फ्लू आठवतोय ना? २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि महिनाभर अख्खा महाराष्ट्र तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. तो एच१एन१ कुठे गेला नाही. दरवर्षीच्या फ्लूमध्ये तो मिसळून गेला आणि लसीत त्याचा घटक असतो.

आदल्या दिवशी: कोण येणार, कोण नाही

यात लोक सगळ्यात जास्त कच खातात. गाडी बुक झालेली, सुट्टी टाकलेली, आणि शुक्रवारी संध्याकाळी एकाला कणकण येते. ‘पॅरासिटामॉल घेतो, सकाळपर्यंत बरा होतो.’ होत नाही. ताप दबतो, विषाणू दबत नाही.

साधी सर्दी हळूहळू चढते: घसा खवखवतो, मग नाक वाहतं. फ्लू दणका देतो. दुपारी जेवायला ठणठणीत असलेला माणूस रात्री अंथरुणात कण्हत असतो. ताप, अंग मोडून आल्यासारखी दुखणी, डोकं, कोरडा खोकला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, आणि लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्यांना विषाणू देऊ लागतो. पुढे पाच-सात दिवस देत राहतो, मुलं आणखी जास्त.

म्हणून नियम असा ठेवा: तापाची गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप नसेल तरच गाडीत बसायचं. ज्याचा खोकला अजून चालू आहे त्याने मास्क लावायचा आणि गावात कुणाच्या घरी मुक्काम करायचा नाही. ग्रुपमध्ये हे एकाने आधीच लिहून टाकावं, म्हणजे आयत्या वेळी कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

पिशवीत: दुर्बीण (८ बाय ४२ पुरे, नवख्याला १० बाय ५० जड जाते), कानटोपी, स्वेटर, दोन-तीन मास्क, साबणाची वडी, पाण्याचा एक जादा कॅन, जुना ब्रश, घरी घालायच्या चपला आणि प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली. चपला आणि ब्रश कशाला ते पुढे कळेल. कपडे मातकट, हिरवट. लाल जॅकेट फोटोत छान दिसतं, पण त्या फोटोत मागे पक्षी नसतात.

पहाटेचा रस्ता

नाशिकहून अंतर साधारण ४० ते ४५ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने निघायचं, ओढा, चांदोरी करत. चांदोरीहून सायखेड्याकडे वळून जाता येतं किंवा थेट निफाड गाठून तिथून. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा साडेपाचला निघालात तर उजेडाबरोबर काठावर असाल.

या रस्त्यावर फ्लूपेक्षा मोठा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. गोदाकाठी धुकं उतरलेलं असतं आणि समोरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असं नाही. हळू चालवा. एसटीने जायचं तर निफाडपर्यंत गाड्या भरपूर, पुढे रिक्षा किंवा वडाप ठरवावं लागतं. परतीचं आधीच बोलून ठेवा, दुपारी काठावर वाहन मिळत नाही.

गाडीत दोन काचा बोटभर तरी खाली ठेवा. थंडी वाजते, कबूल. पण बंद गाडीत एकाचा श्वास दुसरा तासभर घेत राहतो, आणि कानटोपी त्याचसाठी तर आणली.

आणखी एक. निफाड तालुका बिबट्यांचा आहे. उसात त्यांची पिल्लंसुद्धा वाढतात. पहाटेच्या अंधारात ‘जरा आडोशाला’ म्हणून उसाच्या कडेला एकट्याने जाऊन बसू नका. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

मनोऱ्यावर

गेटवर प्रवेश शुल्क भरायचं, सुटे पैसे ठेवा. तिथे गावातलीच तरुण मुलं गाइड म्हणून मिळतात. घ्या. पैसे वाचवायला गेलात तर लांब पाण्यावर काळे ठिपके बघून परत याल. या पोरांना कुठल्या बेटामागे आज काय बसलंय ते माहीत असतं, आणि तुमच्या पुस्तकातलं नाव त्यांना मराठीत ठाऊक असतं: हळदीकुंकू, थापट्या, तलवार बदक, गढवाल, चक्रवाक, शेकाट्या.

सुरुवात वारकऱ्यापासून करा. काळा, कोंबडीएवढा, कपाळावर पांढरा टिळा. शेकड्यांनी असतो म्हणून जाणते त्याच्याकडे बघतही नाहीत. पण तो उडताना बघा. थेट हवेत जात नाही. आधी पाण्यावरून धावतो, पाय फटाफट आपटत, मागे पाण्याच्या ठिपक्यांची रांग उमटत जाते, आणि आता हा काही उडत नाही असं वाटेपर्यंत उचलतो. सगळा थवा एकदम धावला की वरून चक्कर मारणारा दलदल ससाणा शोधा, बहुतेक तोच असतो कारण. त्यानंतर जांभळी पाणकोंबडी, चमच्या, उघड्या चोचीचा करकोचा. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, पण दरवर्षी, दरवेळी दिसतीलच अशी आस ठेवून जाऊ नका.

आता मनोऱ्यावरची एक बारीक गोष्ट. गाइडकडे तिकाटण्यावर लावलेली मोठी दुर्बीण असते. तो पक्षी धरून देतो आणि मग रांग लागते. प्रत्येक जण येतो, हाताने ती काळी रबरी वाटी धरतो, डोळा दाबून लावतो, बाजूला होतो, डोळा चोळतो. पुढचा येतो. वीस माणसांचे डोळे आणि हात एका वाटीवर. फ्लूचा विषाणू प्रामुख्याने खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून जातो हे खरं, पण हाताला लागलेला विषाणू डोळ्या-नाकातूनही आत शिरतो, आणि डोळे येण्याची साथ तर अशीच पसरते. तेव्हा वाटीला हात लावू नका, डोळा बोटभर लांब ठेवला तरी पक्षी दिसतो, आणि गाइडदादाला सांगून मधूनमधून ती कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. भिंगाला सॅनिटायझर मात्र लावायचा नाही, त्याचा मुलामा जातो आणि ते भिंग त्या पोराचं पोट आहे.

गाणी, हॉर्न, ड्रोन नको. फरसाण टाकून पक्षी जवळ बोलावणं तर अजिबात नको. एका जागी गर्दी केलेले पक्षी एकमेकांच्या विष्ठेत खातात, आणि बर्ड फ्लू नेमका तसाच पसरतो.

पाण्याच्या काठी: बर्ड फ्लू नेमका कसा चालतो

इन्फ्लुएन्झा ए या विषाणूचं मूळ घर पाणपक्षी आहेत. बदकं, हंस, कुरव, तुतवार. त्यांच्या आतड्यात तो वाढतो, पुष्कळदा त्यांना काही त्रास न देता, आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतो. उन्हाने, कोरडेपणाने आणि साबणाने मरतो. त्याच्यावर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून पिशवीत साबण.

बहुतेक प्रकार सौम्य असतात. एच५एन१ सारखा जहाल प्रकार मात्र कोंबड्यांचं अख्खं खुराडं दोन-तीन दिवसांत आडवं करतो. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी लाखोंनी कोंबड्या पुरलेल्या पाहिल्या. २०२१ च्या सुरुवातीला नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. त्याच हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले, त्यात सगळ्यात जास्त पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून येणारे हंस. पोंगसुद्धा नांदूरसारखीच धरणाने तयार झालेली आणि रामसर यादीतली जागा आहे. म्हणून ती बातमी आली की इथला वन विभागही सावध होतो.

माणसाला हा आजार होऊ शकतो, आणि झाला तर गंभीर असतो. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एका ११ वर्षांच्या मुलाचा त्याने मृत्यू झाला, देशातला तसा पहिला नोंदलेला मृत्यू. पण जगभरातले बहुतेक रुग्ण आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या-पक्ष्यांना हाताळलेले, पिसं काढलेले, त्यांच्या बाजारात वावरलेले होते. मनोऱ्यावरून दुर्बिणीने बघणारा त्या यादीत बसत नाही.

काठावर करायचं एवढंच: पाण्यात उतरायचं नाही, पिसं गोळा करायची नाहीत (मुलांना हे आधीच सांगा, ती पहिलं तेच करतात), विष्ठा पडलेल्या दगडांवर बसून डबा उघडायचा नाही, आणि खाण्याआधी जादा कॅनच्या पाण्याने साबण लावून हात धुवायचे. सॅनिटायझर चिखल लागलेल्या हातावर नीट काम करत नाही.

गावात शिरताना

आता ब्रश आणि चपला. काठावरून निघताना बुटांच्या तळाचा चिखल तिथेच खरवडून काढा, साबणपाण्याने तळवे धुवा, बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत, पायात चपला. मग गावात. मोठ्या पोल्ट्रीच्या दाराशी औषधाच्या पाण्याचं उथळ टाकं असतं, त्यात पाय बुडवूनच आत सोडतात, ते याचसाठी. वस्तीवरच्या दहा कोंबड्यांच्या दाराशी असं टाकं नसतं, तर ते काम तुम्ही करायचं. काठावरून आलेल्या दिवशी कुठल्याही पोल्ट्री फार्मवर ‘जरा बघून येऊ’ म्हणून जाऊ नका. मालक ओळखीचा असला तर मुळीच नाही.

जेवण गावात एखाद्या घरी ठरवता येतं. गाइडला आदल्या दिवशी फोन केला की पिठलं-भाकरी, ठेचा, भरीत मिळतं. इथे ओळखी होतात आणि आजारही इथेच दिले जातात. घरात बहुतेक एखादी आजी ओट्यावर उन्हाला बसलेली असते. शहरातून आलेल्यांना ती जवळ बोलावते, हात हातात घेते, मुलाच्या गालावरून हात फिरवते. तुमच्यापैकी कुणी खोकत असेल तर त्याने लांबूनच नमस्कार करावा आणि ‘आजी, मला पडसं झालंय, तुम्हाला नको द्यायला’ असं सरळ सांगावं. कुणी राग धरत नाही. अंगणात जेवा, उन्हात. तांब्याने वरून पाणी प्यायची आपली जुनी रीत उत्तम, ती येत नसेल तर बाटली आहेच.

चिकन खायचं का? खा. विषाणू ७० अंशाला मरतो आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर रटरटत असतो. साथ जवळपास असेल तेव्हा अर्धकच्चं अंडं टाळा, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर कच्च्या मांसाची सुरी कोशिंबिरीला वापरू नका, बस. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो या अफवेने ब्रॉयलरचा भाव कसा मातीमोल झाला ते या भागातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा. एका फॉरवर्डची किंमत त्याने मोजलेली आहे.

द्राक्षाच्या मळ्यात न विचारता जाऊ नका आणि घड तोडून तसाच तोंडात टाकू नका. मोसमात फवारण्या चालू असतात. दादा, आत येऊ का, एवढं विचारलं की मळेवाला स्वतःच धुतलेला घड हातात ठेवतो.

मेलेला पक्षी दिसला तर

एक मेलेला पक्षी म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. विजेच्या तारा, कीटकनाशक, म्हातारपण, अशी शंभर कारणं असतात. जानेवारीत तर नायलॉन मांजा. शेजारच्या येवल्याची पतंगबाजी प्रसिद्ध आहे, आणि संक्रांतीनंतर तारांवर, बाभळींवर अडकलेला मांजा महिनाभर पक्षी कापत राहतो.

खरी शंका घ्यायची ती एकाच जागी अनेक पक्षी मेलेले असतील तर. किंवा जिवंत पक्षी मान वाकडी करून गोल गोल फिरत असेल, पाण्यावर तोल जात असेल, माणूस जवळ गेला तरी उडत नसेल. गावात कोंबड्या आणि कावळे एकाच वेळी मरू लागले असतील तरीही.

अशा वेळी जवळ जाऊ नका, कुत्र्याला जाऊ देऊ नका, काठीने उलटवूनही बघू नका. लांबून फोटो, मोबाइलवरून जागेची खूण, आणि गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. कुणी सापडलं नाही तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. पुढचं काम पशुसंवर्धन विभागाचं. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, आणि तिथून होकार आल्याशिवाय तो बर्ड फ्लू नाही. होकार आला तर रोग निघालेल्या पोल्ट्रीभोवतीचा एक किलोमीटरचा भाग बाधित ठरतो, तिथल्या कोंबड्या नष्ट केल्या जातात, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. गावासाठी याचा अर्थ काय होतो हे लक्षात घेतलंत तर तुमचा व्हिडिओ ‘नांदूरला बर्ड फ्लू!!’ असं लिहून ग्रुपवर टाकण्याआधी अंगठा थांबेल.

अभयारण्य त्या काळात बंद ठेवलं तर वाद घालू नका. गंगापूर धरणाच्या पाणवठ्यावर बदकं आहेतच, तेही लांबून.

घरी आल्यावर

बूट पुन्हा धुवून उन्हात. कपडे गरम पाण्यात. घरी कोंबड्या, पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर आंघोळ झाल्याशिवाय पिंजऱ्याला हात नको.

पुढच्या चार दिवसांत कुणाला ताप आला तर बहुतेक वेळा तो माणसाकडून आलेला साधा फ्लू असणार. विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल आणि घरातल्या म्हाताऱ्यांपासून वेगळी खोली. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मेडिकलवाल्याकडून मागून घेऊ नका. मुलांना ॲस्पिरिन मुळीच नको, फ्लूमध्ये त्यातून यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते. जोखमीच्या गटातल्यांनी मात्र वाट बघू नये. ऑसेल्टामिविर, ज्याला लोक टॅमीफ्लू म्हणून ओळखतात, ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं, आणि ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर होणं, थुंकीत रक्त, गुंगी, मूल खायला-प्यायला तयार नसणं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणं: यांपैकी काहीही दिसलं की घरी थांबायचं नाही. गावातच असाल तर निफाडचं उपजिल्हा रुग्णालय जवळ, नाशिकमध्ये सिव्हिल आहे, आणि गाडीसाठी १०८. डॉक्टरांना आपणहून सांगा की पाणथळीवर गेलो होतो, आणि मेलेल्या पक्ष्याला किंवा कोंबडीला हात लागला असेल तर ते आधी सांगा, गेल्या दहा दिवसांतलं असलं तरी. ते विचारतीलच असं नाही, आणि कुठली चाचणी पाठवायची हे त्या एका वाक्यावर ठरतं.

गावात ज्यांच्याकडे जेवलात किंवा राहिलात त्या घरीही एक फोन करा. ‘मावशी, आमच्यातल्या एकाला ताप आलाय, आजींकडं जरा लक्ष ठेवा, अंग तापलं तर लगेच दवाखान्यात न्या.’